ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आठवत नाही, ते आता हयातही नाहीत, नाव कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नव्वदच्या दशकात, तुम्ही शाळेत असताना, पायाचं मोठं ऑपरेशन झालं, पायाभोवती धातूच्या रिंगा आणि हाडातून आरपार तारा कितीतरी महिने होत्या. ऑपरेशन करणारे सर्जन मधे कधीतरी वारले एवढंच कानावर आलंय. हॉस्पिटल बंद झालं, आईवडील आता नाहीत, आणि नाव काही केल्या आठवत नाही. आडनाव 'क' किंवा 'ख' वरून असावं असं वाटतं, ते डाव्या हाताने लिहायचे हे मात्र पक्कं आठवतं. आणि तुम्हाला त्यांच्या घरच्यांना पत्र लिहायचंय, की त्या पायावर मी आज चालतोय. मी संदर्भ ग्रंथालय आणि जुन्या दप्तरांच्या कामात वर्षानुवर्षं आहे, अशी नावं शोधून देणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो. असं पत्र कुणी लिहितं तेव्हा त्या घरात त्याची काय किंमत असते ते मी पाहिलंय, म्हणून हे काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

आधी एक सांगतो, ज्यांनी एवढं केलं त्यांचं नावसुद्धा लक्षात राहिलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. चेहरा आठवतो, लकब आठवते आणि नेमकं नाव जातं, हे सगळ्यांचंच होतं. १९८७ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी यावर एक प्रयोग केला होता. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला, त्यात काही शब्द मुद्दाम असे घेतले जे आडनावही असतात आणि व्यवसायही, म्हणजे बेकर, कुक असे. शब्द तोच, पण व्यवसाय म्हणून सांगितला की लोकांना आठवायचा आणि आडनाव म्हणून सांगितला की सुटायचा. व्यवसायाला डोक्यात बाकीच्या दहा गोष्टी चिकटलेल्या असतात, आडनावाला काहीच चिकटत नाही. म्हणजे तुमच्याकडे जे शिल्लक आहे ते त्यांच्या कामाबद्दलचं आहे, आणि शोध त्या कामावरूनच करायचा.

तुमचा तो 'क' की 'ख'. १९६६ साली रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी अगदी ओठावर येऊन अडकणाऱ्या शब्दांचा अभ्यास केला, त्यात असं दिसलं की शब्द आठवत नसतानाही लोक त्याचं पहिलं अक्षर निम्म्याहून जास्त वेळा बरोबर सांगतात. बऱ्यापैकी भरवशाचं झालं हे, पण उरलेल्या वेळा अक्षर चुकतंच ना, म्हणून 'क' ला खूण समजा, चाळणी समजू नका. 'क' नाही म्हणून एखादं नाव यादीतून उडवलंत आणि नेमकं तेच होतं, असं व्हायला नको. आणि रात्री पडल्यापडल्या नाव आठवायचा प्रयत्न करत बसत असाल तर तो थांबवा. २००८ मधे कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलंय की त्या अडकलेल्या अवस्थेत जितका जास्त वेळ राहाल तितकं पुढच्या वेळी परत तिथेच अडकण्याची शक्यता वाढते. एकच चुकीचं नाव परत परत डोक्यात येत असेल तर तेही याच प्रकारातलं, ते कागदावर लिहा, बाजूला 'येतं पण खात्री नाही' असं लिहा आणि सोडून द्या.

आता कामाला लागायच्या आधी, म्हणजे कुणालाही फोन करायच्या आधी, इंटरनेटवर काहीही टाइप करायच्या आधी, एका वहीत जे जे आठवतंय ते सगळं लिहून काढा आणि तारीख टाका. कारण आठवण फार लवकर दुसऱ्याच्या शब्दांचा रंग घेते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं की गाड्या एकमेकांना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता आणि काहींना विचारलं 'आदळून चुराडा झाल्या' तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं की काचा फुटलेल्या पाहिल्यात का, तर चुराडा ऐकलेल्यांपैकी ५० मधल्या १६ जणांनी हो म्हटलं, लागल्या ऐकलेल्यांपैकी ५० मधल्या ७ जणांनी. फिल्ममधे फुटलेल्या काचा नव्हत्याच. म्हणून काकांना, मावशीला, तेव्हाच्या शेजाऱ्यांना विचाराल तेव्हा 'ते डॉक्टर क वरून काहीतरी होते ना?' असं अजिबात विचारू नका. 'माझं ऑपरेशन झालं तेव्हाचं तुला काय काय आठवतंय?' एवढंच विचारा आणि गप्प बसा, माणसं आपोआप बोलत जातात, रिक्षा कुठली केली, डबा कोण न्यायचं, डॉक्टर कसे रागवायचे, आणि या बोलण्यात नाव अचानक निघतं. प्रत्येकाशी वेगवेगळं बोला, सगळ्यांना एका ग्रुपवर विचारलंत तर पहिल्याने जे नाव टाकलं तेच बाकी सगळ्यांना 'आठवतं'.

तारखांचं पण तसंच. जुन्या घटना आपल्याला असतात त्यापेक्षा अलीकडच्या वाटतात, त्यामुळे 'साधारण ९५ असेल' वर न थांबता ते पक्कं करा. कितवीत होतात, कुठली परीक्षा बुडाली, वर्गशिक्षक कोण होते, कुठली मोठी स्पर्धा टीव्हीवर पाहत झोपून होतात, तुमच्या पायात रिंगा असताना घरात कुणाचं लग्न झालं. अशा दोन-तीन खुंट्या मिळाल्या की वर्ष नक्की होतं, आणि पुढच्या सगळ्या दप्तरांना पहिल्यांदा वर्षच लागतं.

माझं मुख्य म्हणणं आता सांगतो. तुम्ही नाव शोधताय, आणि नाव नसताना नाव शोधणं हे उलट्या बाजूने चालणं आहे. नाव शोधू नका, खुर्ची शोधा. अमुक वर्षी, अमुक हॉस्पिटलमधे, अमुक प्रकारचं ऑपरेशन करणारी जी खुर्ची होती तिच्यावर कोण बसलं होतं, हा प्रश्न धरा. कारण माणसं विसरतात पण खुर्चीची नोंद कुणीतरी ठेवलेली असते, पगारासाठी, लायसन्ससाठी, कराच्या हिशोबासाठी, कोर्टासाठी. व्यावसायिक माणूस म्हणजे नोंदी मागे सोडत जाणारा माणूस. आणि खुर्च्या जितक्या कमी तितकं काम सोपं.

तुमच्या बाबतीत खुर्च्या फारच कमी असणार, आणि हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तुम्ही वर्णन केलेल्या रिंगा आणि तारा म्हणजे बहुतेक इलिझारोव्ह पद्धतीची फ्रेम. गॅव्रिल इलिझारोव्ह नावाच्या सर्जननी सोव्हिएत काळात कुर्गान या सायबेरियातल्या गावात पन्नासच्या दशकात ती विकसित केली, पण पश्चिमेकडच्या डॉक्टरांना ती नीट कळली ती १९८१ मधे इटलीत त्यांची व्याख्यानं झाली तेव्हा, आणि बाकी जगात पसरली त्यानंतर. आठवून बघा, घरी कुणी पाना घेऊन दिवसातून चार वेळा नट थोडा थोडा फिरवायचं का? पाय लांब करायचा असेल तर रोज एक मिलिमीटर, तोही पाव पाव मिलिमीटर करून चार वेळात, ही या पद्धतीतली नेहमीची चाल. पायावर आमनेसामने ठिपक्यांसारखे छोटे व्रण असतील तर ते तारांचे. हे जुळलं तर बघा काय झालं, 'नव्वदच्या दशकातला एक हाडांचा डॉक्टर' ही शेकडो माणसांची यादी होती, ती 'त्या काळात त्या भागात इलिझारोव्ह करणारे' अशी मोजक्या माणसांची झाली. नवीन पद्धत असल्याने हे लोक एकमेकांना ओळखायचे, वर्कशॉपना जायचे, कॉन्फरन्समधे पेपर वाचायचे, आणि प्रत्येक कॉन्फरन्सची स्मरणिका निघते, तिच्यात वक्त्यांची नावं, हॉस्पिटलची नावं, कधी फोटोही असतात.

याच धाग्यावर पबमेड वापरा, मेडिकल लेखांची मोठी मोफत यादी आहे ती. लोक तिथे लेखकाचं नाव टाकतात, तुम्ही पत्त्याच्या रकान्यात हॉस्पिटलचं आणि गावाचं नाव टाका. १९८८ पासून त्यात लेखकाचा पत्ता नोंदवायला लागले, फक्त लक्षात ठेवा की २०१३ पर्यंत पहिल्याच लेखकाचा पत्ता असायचा, म्हणजे तुमचे डॉक्टर दुसरे-तिसरे लेखक असतील तर ज्युनियरच्या नावाखाली सापडतील. लेख उघडून सगळी नावं वाचा. काही नाही मिळालं तरी निराश होऊ नका, उत्तम हात असलेले कितीतरी सर्जन आयुष्यात एकही पेपर लिहीत नाहीत.

घरातले कागद. ऑपरेशनचा कागद नाही म्हणून लोक शोधच थांबवतात, पण डॉक्टरांचं नाव भलत्याच कागदावर असतं. एक्स-रेची जुनी फिल्म असेल तर ती खिडकीच्या उजेडात धरा, कोपऱ्यात एक छोटा आयत असतो, त्यात पेशंटचं नाव, तारीख, एक्स-रे सेंटरचं नाव, नंबर असतो, आणि फिल्म ज्या पाकिटात आहे त्या पाकिटावर 'पाठवणारे डॉक्टर' अशी ओळ असते, तीच आपल्याला हवी. पाकीट फेकून फिल्म ठेवणारे खूप असतात, म्हणून आधी पाकिटं शोधा. मग शाळेत दिलेलं मेडिकल सर्टिफिकेट, शाळेच्या फायलीत ते अजून असू शकतं. विम्याचा क्लेम. वडिलांच्या ऑफिसने वैद्यकीय खर्च परत दिला असेल तर तिथली फाईल. अपंगत्वाचा दाखला काढला असेल तर तो. बिलाची पावती असेल तर नुसता गिचमिड सहीचा कागद म्हणून टाकू नका, सहीखाली किंवा शिक्क्यात रजिस्ट्रेशन नंबर असतो आणि तो नंबर म्हणजेच नाव, मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरात त्यावरून नाव निघतं. भारतात २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट आणि पैशाच्या पावतीवर हा नंबर लिहायचाच असतो, त्याआधीच्या कागदांवर मात्र तो असेलच असं धरून चालू नका.

हॉस्पिटल बंद झालं म्हणजे दप्तर गेलंच असं नसतं, पण मुदती माहीत असू द्या. भारतातल्या त्याच नियमांत पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं बंधन आहे, ब्रिटनमधे लहान मुलांचे कागद साधारण २५ व्या वाढदिवसापर्यंत ठेवतात. म्हणजे तुमची केस-पेपरची फाईल बहुतेक गेलेली असणार. पण मला त्या फाईलपेक्षा ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरची जास्त आशा असते. लांबरुंद, जाड पुठ्ठ्याचं, हाताने भरलेलं रजिस्टर, एका ओळीत तारीख, पेशंटचं नाव, वय, कुठलं ऑपरेशन, मग सर्जन, असिस्टंट, भूल देणारे डॉक्टर, कधी सिस्टरचं नाव. कोर्टकचेरीत लागतं म्हणून ही रजिस्टरं फायलींच्या पुढे कितीतरी वर्षं सांभाळली जातात, आणि हॉस्पिटल बंद पडताना ती मालकाच्या घरी, ट्रस्टच्या ऑफिसात, किंवा ज्या मोठ्या हॉस्पिटलने जागा घेतली त्याच्या तळघरात जातात. म्हणून पहिला प्रश्न 'रेकॉर्ड आहे का?' असा नका विचारू, त्याला उत्तर नाही असंच येतं. 'हॉस्पिटल बंद झालं तेव्हा रजिस्टरं कुणी ताब्यात घेतली?' असं विचारा. आणि लेखी अर्ज करा, स्वतःची ओळख जोडून, स्वतःच्याच उपचाराची माहिती मागतोय असं स्पष्ट लिहून. दुसऱ्या पेशंटची नावं तुम्हाला दिसू नयेत म्हणून ते नुसती तुमची ओळ उतरवून देतील, तेवढी आपल्याला पुरते.

आता माणसं. सगळे लोक सर्जनच्या ओळखीचे सर्जन शोधतात. मी आडवाटेने जातो. सर्जनला रोज कोण लागतं ते बघा. भूल देणारे डॉक्टर एकाच वेळी पाच-सहा सर्जनबरोबर काम करतात, आणि कुणाचा हात कसा होता, कोण डावखुरं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. डावखुरा सर्जन थिएटरमधे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहतो, असिस्टंटला जागा बदलावी लागते, सिस्टरला हत्यारं वेगळ्या हातात द्यावी लागतात, तीस वर्षांनी सुद्धा हे लोक विसरत नाहीत. म्हणजे तुमच्याकडची ती छोटीशी आठवण आहे ना, डाव्या हाताने लिहायचे, ती तुमच्या दृष्टीने किरकोळ असेल, पण थिएटरमधल्या माणसासाठी ती जवळजवळ नावाइतकीच आहे. लिहिण्यावरून ऑपरेशनचं सांगता येत नाही हे खरं, काही जण लिहितात डाव्याने आणि हत्यार उजव्याने धरतात, पण विचारायला काय जातंय. तसेच एक्स-रे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, आणि तुमच्या केसमधे खास करून कॅलिपर आणि बूट बनवणारे कारागीर. फ्रेम काढल्यावर तुम्हाला आधाराचा बूट किंवा स्प्लिंट दिला असेल तर तो बनवणाऱ्याकडे मापांची वही असते, आणि तिच्यात पेशंटच्या नावापुढे पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव लिहिलेलं असतं, कारण काही बदल लागला तर त्यांनाच विचारायचं असतं. औषध कंपन्यांचे त्या काळचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर, हे तर चालतीबोलती डिरेक्टरी, भागातल्या प्रत्येक डॉक्टरची वेळ, स्वभाव, वाढदिवस त्यांना पाठ असायचा. असा एखादा निवृत्त माणूस ओळखीतून मिळाला तर बाकी काही करायची गरजच पडू नये.

अधिकृत रजिस्टरांकडे मी जरा उशिरा वळतो, कारण नाव नसताना ती नुसता नावांचा ढीग असतो, पण वर्ष आणि भाग हातात आला की ती कामाची. ब्रिटनमधे १८५८ च्या मेडिकल ॲक्टनंतर १८५९ पासून छापील मेडिकल रजिस्टर निघालं, अमेरिकेत तिथल्या मेडिकल असोसिएशनने १९०६ पासून डॉक्टरांची डिरेक्टरी काढली, भारतात राज्यांच्या मेडिकल कौन्सिल आणि राष्ट्रीय रजिस्टर आहे. इंग्लंडमधल्या सर्जनसाठी तर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचं 'प्लार्स लाइव्ह्ज ऑफ द फेलोज' ऑनलाइन मोफत आहे, त्यात गेलेल्या फेलोंची, म्हणजे कॉलेजच्या सभासद सर्जनची, चरित्रंच लिहिलेली आहेत. आपले डॉक्टर वारलेत, त्यामुळे आजच्या चालू यादीत त्यांचं नाव नसू शकतं, म्हणून ऑपरेशनच्या वर्षाच्या आसपासची जुनी छापील आवृत्ती मोठ्या ग्रंथालयात मागा. तेव्हा ते स्वतंत्रपणे एवढं मोठं ऑपरेशन करत होते म्हणजे त्यांचं रजिस्ट्रेशन निदान काही वर्षं जुनं असणार, त्यावरूनही यादी आखडते. भागातल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेकडे सभासदांची जुनी वही असते, पोस्टाने वर्गणीची पत्रं जायची ना, आणि सचिवांना नुसतं 'आमचे दिवंगत सभासद' अशी यादी मागितली तरी काही ठिकाणी लगेच मिळते.

वारल्याच्या बातमीवरून शोधायचं तर नाव नसताना शोधशब्द काय टाकायचा हा प्रश्न येतो. हॉस्पिटलचं नाव अधिक 'दुःखद निधन', 'शोकसभा', 'श्रद्धांजली', 'अस्थिरोगतज्ज्ञ', अशा जोड्या करून बघा. संघटनांच्या मासिकात मृत्युलेख येतात, आणि सगळ्यात चुकवलं जाणारं ठिकाण म्हणजे स्मृतिव्याख्यान. नावाजलेले डॉक्टर गेले की त्यांचे विद्यार्थी त्यांच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान किंवा पदक सुरू करतात, कॉन्फरन्सच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नाव छापलेलं असतं. हॉस्पिटलची वेबसाइट कधी असेल तर तिचा पत्ता जुन्या लेटरहेडवरून मिळवा आणि वेबॅक मशीनमधे टाका, तिथे १९९६ पासूनची जुनी पानं जपलेली आहेत, 'आमचे डॉक्टर' असं पान निघालं तर दुधात साखर. जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून मशीनने वाचलेली असतील तर चुका गृहीत धरा, इंग्रजीत आर आणि एन शेजारी आले की मशीन एम वाचतं, आणि आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग तर जो तो आपल्या मनाने करतो. हा त्रास इतका जुना आहे की अमेरिकेत १९१८ मधेच रॉबर्ट रसेल यांनी उच्चारावरून नावं लावायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं, सारख्या आवाजाची अक्षरं एका गटात धरायची. तुम्हीही तेच करा, स्पेलिंग सोडा, आवाज धरा.

यातून तुमच्या हातात दहा-बारा नावांची यादी यायला हवी. आता तिचा उपयोग नीट करा, कारण इथे मेंदू तुमच्या बाजूने आहे. आठवणं अवघड असतं, ओळखणं त्या मानाने पुष्कळ सोपं. यादीत मुद्दाम काही असंबद्ध पण त्याच धाटणीची नावं मिसळा, दुसऱ्या कुणालातरी सावकाश वाचायला सांगा, आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. वाचणाऱ्याला खरी नावं कुठली ते माहीत नसेल तर उत्तम, म्हणजे त्याच्या आवाजात ते उतरणार नाही. एखाद्या नावाला आतून 'हेच' असं झालं तर खूण करा. पण तेवढ्यावर पत्र पाठवू नका.

खात्री कशी करायची, तर एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे जुळायला हवेत. काकांनी सांगितलं आणि मावशीने सांगितलं हे दोन पुरावे नाहीत, दोघं त्याबद्दल आपापसात बोललेले असतात. काकांनी सांगितलेलं नाव आणि बूट बनवणाऱ्याच्या वहीतलं नाव, हे दोन. मग वर्षं तपासा, त्या वर्षी ते खरंच त्या हॉस्पिटलला होते का, की नंतर आले. एकाच नावाचे बापलेक किंवा काका-पुतणे एकाच व्यवसायात असणं नेहमीचंच, तेव्हा आद्याक्षरं बघा. आणि छापलंय म्हणजे खरं असं नाही. ज्यांच्या पेशींवर जगभर संशोधन झालं त्या हेन्रिएटा लॅक्स १९५१ मधे वारल्या, आणि त्यांचं नाव कित्येक वर्षं 'हेलन लेन' असं चुकीचंच छापलं जात होतं. खरं नाव वैद्यकीय नियतकालिकात आलं ते १९७१ मधे. एका ठिकाणी चुकलं की पुढचे सगळे तेच उतरवत जातात.

हल्ली लोक एआय चॅटबॉटला विचारतात, म्हणून मुद्दाम लिहितो. शोधशब्द सुचवायला, परक्या भाषेतला मृत्युलेख समजून घ्यायला त्याचा उपयोग करा, पण 'अमुक हॉस्पिटलमधे तेव्हा सर्जन कोण होते' असं विचारू नका. तो अगदी पटेल असं, त्या भागात शोभेल असं नाव तयार करून देऊ शकतो, आणि एकदा ते नाव वाचलंत की तुमची मूळ आठवण कायमची गढूळ झाली. सोशल मीडियावर विचारायचं असेल तर स्वतःच्या आजाराचा तपशील, फोटो, कागद टाकू नका, आणि ओळखायची एक तरी गोष्ट राखून ठेवा, डावखुरेपणा मुळीच लिहू नका. म्हणजे उद्या कुणी म्हणालं 'हो हो, मला माहितीयेत ते' तर 'त्यांचं काही वेगळं आठवतं का?' असं विचारून पारखता येईल.

तुमच्यासारखेच पण दुसऱ्या व्यवसायातल्या माणसाचं नाव शोधणारे असतील त्यांच्यासाठी पटकन. आर्किटेक्ट असेल तर बांधकाम परवानगीच्या नकाशावर शिक्का आणि लायसन्स नंबर असतो, भारतातल्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नंबरात तर नोंदणीचं वर्षच घातलेलं असतं. वकील असेल तर वकीलपत्र, आणि निकालपत्राच्या पहिल्या पानावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं. फोटोग्राफर असेल तर फोटोच्या मागचा शिक्का. शिक्षक असेल तर प्रगतिपुस्तकावरची सही आणि शाळेचा वार्षिक अंक. ऑडिटर असेल तर ताळेबंदाखालची सही आणि सभासद क्रमांक.

तुम्ही कुठून सुरू करायचं म्हणाल तर मी या क्रमाने जाईन, आधी वही, मग एक्स-रेची पाकिटं आणि शाळेची फाईल, मग बूट बनवणारे आणि भूलतज्ज्ञ, आणि हे चालू असतानाच रजिस्टरं कुणाकडे गेली त्याचा लेखी अर्ज टाकून ठेवायचा, कारण त्याला वेळ लागतो. वयस्कर माणसांना आधी भेटा, कागद वाट बघू शकतात, माणसं बघू शकत नाहीत.

आणि नाव मिळालं की घरचा पत्ता काढून थेट दारात जाऊ नका, फोनही करू नका. त्यांच्या घरी कुणाची काय अवस्था आहे आपल्याला माहीत नसतं. ते ज्या संघटनेचे सभासद होते तिच्या सचिवांना किंवा त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना पत्र पाकिटात घालून द्या आणि घरच्यांपर्यंत पोचवायची विनंती करा, उत्तर द्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा. पत्रात आभार तर लिहालच, पण वर्ष, हॉस्पिटल, कुठला पाय, किती महिने फ्रेम होती, डॉक्टर राऊंडला येऊन काय बोलायचे, हे सगळं लिहा, कारण डॉक्टरांच्या मुलांना आपले वडील दिवसभर बाहेर काय करायचे हे बऱ्याचदा धड माहीत नसतं. आज तुम्ही कुठवर चालता तेही लिहा, आणि चालत असतानाचा एक फोटो सोबत जोडा.